तू दिलेली दिशा

दादा,

लोक तुझ्याविषयी चांगलं बोलतात आणि मला ते ऐकवत नाही. तुला पोचवून आल्यापासून रोज कुणी ना कुणी येतं, ओट्यावर टेकतं, घटकाभर बसतं. उठताना उंबऱ्यापाशी थांबून मला सांगतं, की सदाभाऊसारखा सरळ माणूस आता होणं नाही. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणतं, "एक ती गोष्ट सोडली तर." कुणी हे तोंडानं म्हणतं, कुणी नुसतं मान हलवतं. मी "बरं" म्हणते आणि दार लोटून घेते. ती गोष्ट सोडायला घोडेगावात कुणी तयार नाही, आणि ती खोटी आहे हे सांगायची परवानगी तू मला दिली नाहीस. बाकी सगळं नीट लावून गेलास. एवढं मात्र माझ्या गळ्यात ठेवून गेलास.

मला रडू येत नाही असं नाही. पण रडू यायच्या आधी राग येतो आणि तो वाटेतच बसून राहतो. शाळेत मुलींना निबंध सांगताना म्हणते, मनात येईल ते क्रमानं लिहा. स्वतःला ते जमत नाही. तरी प्रयत्न करते.

चंदू आपल्या घरी पहिल्यांदा आला तो दिवस मला लख्ख आठवतो. तुम्ही दोघं जुन्नरच्या शाळेत एका बाकावर बसत होता आणि सुट्टीत तू त्याला घोडेगावला घेऊन आलास. ओतूरच्या कापडवाल्या शेटजींचा मुलगा आपल्याकडे जेवणार म्हणून आईची कोण धांदल उडाली. त्यांच्यात कांदालसूण चालत नाही, म्हणून तिनं त्याचं वरण वेगळ्या पातेल्यात केलं. हा पानावरून उठून चुलीशी गेला, आपल्या पिठल्यावरचं झाकण उचललं आणि डोळे मिटून उभा राहिला. आई म्हणाली, अरे, हे काय करतोस. तर म्हणाला, "मावशी, नुसता वास घेतोय. वासाचं पाप लागत नाही, मी आमच्या महाराजांना विचारलंय." आई हसता हसता खाली बसली. त्या दिवसापासून तो तिचा झाला.

हे मी मुद्दाम लिहिते. कारण तुला शेवटपर्यंत वाटत होतं की कुसुमच्या मनात चंदूविषयी राग आहे. मला चंदूचा राग कधी आला नाही. तो होताच तसा. उतावळा, गोड, समोरच्याचं वाक्य निम्मं ऐकून उरलेलं आपणच पुरं करणारा. राग आहे तो तुझा.

मुंबईला बिनतारी संदेशांचं काम शिकायला गेलात तेही जोडीनंच. पहिल्या सुट्टीत आलात तेव्हा तारांची भेंडोळी आणि एक लाकडी खोका घेऊन आलात. परसात बांबूच्या कामट्यांची चौकट बांधलीत, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलीत, आणि ऐकण्याचं यंत्र माझ्या कानांना लावलंत. मुंबईला कुणी बाई गात होती. तू चौकट हळूहळू फिरवू लागलास. गाणं बारीक होत गेलं आणि एका जागी पार नाहीसं झालं. अजून थोडी फिरवलीस, गाणं परत आलं. चंदू म्हणाला, "बाई मध्येच चहा प्यायला गेली होती." तू त्याच्याकडे लक्ष न देता मला समजावलंस, की गाणं जिथं पुसलं जातं तिथं चौकटीचं तोंड बरोबर मुंबईच्या रेषेत असतं. आवाज सगळ्यात मोठा कुठं झाला हे कानाला नेमकं कळत नाही, पण तो नाहीसा कुठं झाला हे लगेच कळतं. म्हणून दिशा शोधणारा माणूस आवाज जाण्याची वाट बघत बसतो. मी ती चौकट स्वतः फिरवून बघितली. परसातून मुंबई कुठल्या बाजूला आहे हे मला त्या दिवशी डोळे मिटून सांगता आलं. आपल्या गावातल्या किती मुलींच्या वाट्याला असं काही आलं असेल? तू दिलेल्या ज्या गोष्टींबद्दल मी कधी तोंडानं बोलले नाही, त्यांतली ही पहिली.

पुढे तुम्हाला तेच काम लागलं. तुला खाली, मुंबईच्या विमानतळावर. त्याला वर, टपालाच्या विमानात, वैमानिकाच्या मागच्या खुर्चीवर. ढगात सापडलेल्या वैमानिकाला खालचं काही दिसत नाही. मग मागे बसलेला चंदू संदेश पाठवायची किल्ली दाबून धरायचा, तू खाली कानाला यंत्र लावून चौकट फिरवणारी चकती वळवायचास, त्याचा आवाज जिथं नाहीसा होई तिथली दिशा आकड्यात मांडून त्याला परत सांगायचास. चंदू म्हणायचा, "सदाशिव खाली बसून माझा कान धरतो आणि घरी आणतो." तो हे प्रत्येक सुट्टीत म्हणायचा आणि आई प्रत्येक वेळी हसायची.

शेटजींना हे काम पसंत नव्हतं. गादीवर बसायचं सोडून पोरगं आभाळात लोंबकळणार, हे त्यांच्या डोक्यात बसेना. तेव्हा तू ओतूरला गेलास. दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, त्यांच्या शेजारी बसून सांगितलंस, "शेटजी, मी खाली असेपर्यंत त्याला काही होणार नाही." ही गोष्ट मला चंदूनं सांगितली होती, फार कौतुकानं. मला तेव्हाही ते वाक्य आवडलं नव्हतं. असं वाक्य बोलण्याइतकं तुझं वय झालेलं नव्हतं.

त्या दिवशी काय झालं ते तू मला एकदाच सांगितलंस. नोकरी सोडून घरी आल्यावर, परसात, मिरच्या वाळत घातल्या होत्या त्यांच्याकडे बघत. मी ते तुझ्याच शब्दांत लिहिण्याचा प्रयत्न करते, म्हणजे कुणाला पुढेमागे म्हणता येणार नाही की बहिणीनं पदरचं घातलं.

विमानातून दिशा विचारायच्या दोन तऱ्हा असतात. एक, मी तुमच्यापासून कोणत्या दिशेला आहे? दुसरी, तुमच्याकडे यायला विमानाचं नाक कोणत्या दिशेला धरू? दोन्हींसाठी तीन-तीन अक्षरांच्या ठरलेल्या खुणा आहेत आणि दोन्हींचं उत्तर आकड्यातच येतं. पण एकाचं उत्तर पूर्व असेल तर दुसऱ्याचं बरोबर उलट, पश्चिम. त्या दिवशी विमान पूर्वेकडून, पुण्याच्या अंगानं येत होतं. पावसाळ्याचे दिवस, सगळा सह्याद्री ढगात बुडालेला. घाट त्यांनी ओलांडला होता, ते कोकणावर आले होते. सरळ पुढे येऊन सावकाश उतरले असते तर खाली सपाट जमीन आणि खाडी होती. पण वाऱ्याचा अंदाज चुकला होता आणि आपण विमानतळ ओलांडून समुद्रावर तर आलो नाही ना, अशी भीती वाटते, असं त्यांनी कळवलं होतं. चंदूनं पहिली खूण पाठवली. मी तुमच्यापासून कोणत्या दिशेला? तू चकती फिरवलीस, आवाज नाहीसा झाला ती जागा पाहिलीस, आणि उत्तर दिलंस. पूर्वेला. त्याच पहिल्या खुणेसकट दिलंस. "मिळालं" म्हणून त्यानं कळवलं.

त्यानं तो आकडा नाक धरायची दिशा म्हणून वैमानिकाला सांगितला असणार. समुद्रावर असल्याची भीती होतीच. पूर्वेला वळा, हे त्या भीतीला नेमकं जुळलं. त्यांना खटकलं नसणार.

विमानाच्या पोटाखाली एक लांब तार सोडलेली असते, टोकाला शिसं बांधलेली. तिच्यावरच बोलणं चालतं. उतरायची वेळ आली की ती आत गुंडाळून घ्यावी लागते, नाहीतर झाडात किंवा घरात अडकते. आता तळ जवळ आला असं समजून चंदूनं 'तार गुंडाळतो' असं कळवलं आणि ती गुंडाळायला घेतली. तो हे कळवत होता तेवढ्यात तू पुन्हा आवाज धरलास तर तो जवळ यायच्या ऐवजी बारीक होत होता. तुला कळलं. तू हाक मारायला सुरुवात केलीस. किल्ली दाबत राहिलास, मागे वळा, मागे वळा. तार आत गेली होती. तू सांगत होतास आणि ते ऐकू शकत नव्हते.

"कुसुम, मला सगळं ठाऊक होतं आणि माझ्या हातात फक्त किल्ली होती," असं तू म्हणालास. त्यानंतर त्या दिवसाबद्दल तुझ्या तोंडून अक्षर ऐकलं नाही.

घाटमाथ्यावरच्या आहुप्याचा गोमा बाजाराला हिरडा घेऊन आला की आपल्याकडे पाणी प्यायला थांबायचा. त्याच्या शेतावरूनच ते विमान गेलं. तो मला म्हणाला, "बाई, आमी आवणात व्हतो, भात लावत. आवाज आला तो खालनं. कड्याच्या खालनं. इमान कुठं पायाखालनं येतं व्हय? म्या येड्यावानी वर बघत ऱ्हायलो आन् ते धुक्यातनं दरीतनं वर आलं, लई जवळनं, आन् मागल्या डोंगरावर जाऊन आदाळलं." आहुप्याच्या माणसांनीच सगळ्यांना खाली आणलं, भर पावसात, घोंगड्यांत घालून, डिंभ्यापर्यंत खांद्यावर. चौकशीत गोमाला कुणी बोलावलं नाही. बोलावून तरी काय उपयोग होता. विमान कुठून आलं ते त्यानं सांगितलं असतं. ते तसं का आलं, ते फक्त तुला ठाऊक होतं. त्या वेळी खोलीत तू एकटाच होतास, तुझा जोडीदार जेवायला गेला होता. तुझ्या शब्दाखेरीज कुणाकडे काही नव्हतं.

आणि तुला विचारलं होतं की रे चौकशीच्या साहेबानं. अगदी सरळ विचारलं होतं. आपण उत्तर दिलंत ते पहिल्या खुणेनं दिलंत, दुसऱ्या नव्हे, हे शपथेवर सांगता का? एक "हो" म्हणायचं होतं. खरं होतं ते. तू म्हणालास, "माझी चूक झालीच नसेल, असं मी म्हणू शकत नाही."

त्या एका वाक्यावर सगळं संपलं. पेपरात खालच्या माणसाची चूक असं आलं. तुझी नोकरी गेली. घोडेगावच्या ओट्यांवर आणि ओतूरच्या बाजारात, ज्यांनी उभ्या जन्मात विमान जवळून पाहिलं नाही, त्यांना विमान कुणी पाडलं हे ठाऊक झालं. बाजाराच्या दिवशी पोरं तुझ्या मागून हात पसरून, तोंडानं घर्रर्र आवाज काढत धावायची आणि तू पिशवी घेऊन तसाच चालत राहायचास. तू हिरड्याच्या वखारीत वजनं करायला लागलास. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. ते मोडलं याचं मला आता काही वाटत नाही, पण मोडताना त्यांनी जे कारण सांगितलं ते तू ऐकत होतास आणि सुपारी कातरत होतास.

मी तुझ्याशी भांडले. आठवतं ना? मी म्हणाले, तू बोललास का नाहीस. तू म्हणालास, "शेटजी समोर बसले होते. पहिल्याच बाकावर." मी म्हणाले, मग? तू म्हणालास, मी त्यांना शब्द दिला होता, आणि वर त्यांच्या तोंडावर सांगू की तुमच्या मुलानंच चूक केली? आणि मग ते तुमच्या कामातलं तत्त्व मला ऐकवलंस, की वर असलेल्याशी खालच्यानं वाद घालायचा नसतो. मी म्हणाले, "चंदू आता वर नाही, दादा. त्याला ओतूरला नदीकाठी जाळलंय. वर कुणीच नाही. खाली मात्र आपण तिघं आहोत." तू उठून गेलास. आपलं भांडण असंच व्हायचं. मी बोलायची आणि तू चपला घालायचास.

बाकीचं मी सोडून दिलं असतं. आईचं सोडवत नाही.

ज्या वारी विमान पडलं त्या वारी आई दर आठवड्याला निर्जळी उपास करू लागली. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्या पोराच्या हातून झालंय. कुणीतरी फेडायला नको?" तिच्या चंदूला तिच्या सदानं मारलं, या समजुतीत ती बाई जगली. त्या दिवशी ती आपल्याला वाढायची, पानाशेजारी बसायची, आणि ओठ कोरडे पडले की पदरानं पुसायची. उन्हाळ्यातसुद्धा. आणि तू जेवत होतास. मान खाली घालून, पण जेवत होतास. तू न केलेल्या चुकीसाठी तुझी आई तहानलेली बसली होती, तुझ्या समोर. तू मला शपथ घातली होतीस म्हणून मी गप्प होते, आणि तू कुणाची शपथ पाळत होतास ते देव जाणे. मी एकदा तुला परसात गाठून म्हणाले, निदान तिला तरी सांग. तुझं उत्तर तयार होतं. तिला आज सांगितलं तर उद्या पहिल्या मोटारीनं ओतूरला जाऊन सांगेल. खरं होतं तेही. आईच्या पोटात काही राहत नसे. पण तिच्या पोटात पाणी तरी राहिलं असतं, दादा.

मागच्या साली ती गेली. जाताना तुझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "देवानं माफ केलं असेल रे तुला." तू म्हणालास, "हो आई." मी दाराशी उभी होते. त्या क्षणी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की तिच्याकडे माझं नीट लक्षही गेलं नाही. हेसुद्धा तू माझ्याकडून घेतलंस.

आणि तरीही खरं लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे, की मला शिकवलंस ते तूच. आप्पा होते तेव्हा, ते नको म्हणत असताना, मला जुन्नरला परीक्षेला नेलंस ते तूच. वखारीतून दमून आलास तरी माझ्या वर्गाच्या मुलींसाठी पुठ्ठ्याचं होकायंत्र करून द्यायचास. लढाई सुरू झाली तेव्हा बिनतारीच्या माणसांना कोण मागणी होती. जुने विषय कुणी काढले नसते. मी म्हणाले, जा. तू हिरड्याचं पोतं शिवत म्हणालास, "आता माझा कानावर भरवसा राहिला नाही." हे ऐकून मी पहिल्यांदा घाबरले. तोपर्यंत मला वाटत होतं की तू एक खोटं बोललास आणि ते निभावतो आहेस. तू ते हळूहळू खरं मानायला लागला होतास. जी चूक केली नाहीस तिची इतकी वर्षं राखण केलीस, आणि शेवटी ती तुझीच झाली.

तापात पडलास तेव्हा एका दुपारी जरा उतार होता. कांजी पाजता पाजता मी विचारलं, "आता तरी सांगू का?" तू आढ्याकडे बघत म्हणालास, "नको." आपलं शेवटचं धड बोलणं तेवढंच. कुणाला भाऊ जाताना आशीर्वाद देतो, कुणाला सांभाळून राहा म्हणतो.

तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मोटार थांबली. शेटजी उतरले. फार थकलेत आता, काठी आणि नोकराचा खांदा लागतो. ओट्यावर बसलेली माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच होतं: बघा, पोरगं मारणाऱ्याच्या दुखवट्याला आलेत. शेटजी कुणाशी न बोलता आत आले आणि घोंगडीवर बसले. नोकराला त्यांनी बाहेर पाठवलं. मला वाटलं, आता हे तुला क्षमा करणार. ती क्षमा ऐकायची आणि मान डोलवायची हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बोलले. तुझं "नको" मोडलं.

"शेटजी, दादाची चूक नव्हती."

त्यांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ठाऊक आहे, पोरी."

मी विचारलं, केव्हापासून. ते म्हणाले, त्याच दिवसापासून. "मी पहिल्या बाकावर होतो. साहेबानं सवाल केला. तुझ्या भावानं जबाब द्यायच्या आधी माझ्याकडं बघितलं. जन्मभर गादीवर बसून माणसांच्या नजरा बघितल्यात मी. खोटं बोलायच्या आधी माणूस कसा बघतो ते मला कळत नाही होय? आणि चंदू माझा मुलगा. दुकानात गिऱ्हाइकानं काय मागितलं ते निम्मं ऐकून कापड फाडायचा. मी तिथंच ओळखलं. आणि गप्प बसलो."

ते पुढे बोलत राहिले. चंदूची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, पोराचा दोष नव्हता एवढं एकच तिच्याजवळ होतं, ते काढून घ्यायला जीव धजला नाही. ती गेल्यावर बोलायचं होतं, पण मग लाज वाटायला लागली. "आणि एकदा लाज वाटायला लागली, की माणूस आणखीच बोलत नाही," असं म्हणाले. ते माफी मागायला आले होते. तुझी. पंधरा दिवस उशिरा.

तू ज्या माणसासाठी गप्प बसलास, त्या माणसाला सगळं ठाऊक होतं, दादा. तू त्याच्यापासून काहीही लपवलं नाहीस. लपवलंस ते आईपासून.

मी त्यांना आईच्या उपासांचं सांगितलं. सगळं, सावकाश, काहीही न गाळता. मला ते सांगताना बरं वाटलं, हे तुला आवडणार नाही. शेटजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग म्हणाले, "मी काय करू, सांग."

मी म्हणाले, "मला नका सांगू. मला आधीपासून माहीत आहे. बाहेर माणसं बसलीत, त्यांना सांगा."

ते उठले. मी हात दिला नाही. भिंत धरत ते ओट्यावर गेले आणि सगळ्यांच्या मध्ये उभे राहून स्पष्ट म्हणाले, "मंडळी, सदाशिवाची काही चूक नव्हती. चूक आमच्या चंदूची होती. मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

मी दारातून बघत होते. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. मग आपले शेजारचे म्हातारे पाटील पुढे झाले, शेटजींचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले,

"शेटजी, ह्ये तुमीच म्हनावं. एवढं मोठं मन न्हाई कुनाचं."

शेटजी म्हणाले, "अहो, मन कसलं. मी खरं सांगतोय." पाटील म्हणाले, तेच तर, मेलेल्या माणसाच्या पदरात एवढं घालायला काळीज लागतं. मागून कुणी म्हणालं, पोटचं पोर घालवून वर त्याच्यावरच बोल घेतला, कलियुगात असा माणूस बघायला मिळाला. शेटजी पुन्हा काही सांगू लागले, पण त्यांना धरून बसवलं गेलं, कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांना काही मदत करू शकत नव्हते. मग एकेक जण वाकून त्यांच्या पाया पडला, आपल्या ओट्यावर, जिथं परवापर्यंत तू बसायचास. मोटार गेल्यावर पाटील दाराशी येऊन मला म्हणाले, "बाई, बगितलंत? कसं पोटात घातलं त्यांनी सदाभाऊला."

आता तालुक्यात दोन गोष्टी चालतील. एक, घोडेगावच्या सदाशिवानं विमान पाडलं. दुसरी, ओतूरच्या शेटजींनी त्याला माफ केलं. दोन्ही तू केलेल्या आहेत.

माझं मन मोठं नाही, दादा. म्हणून हे लिहून ठेवते. चंदूनं विचारलं होतं, मी कुठं आहे. तू सांगितलंस, पूर्वेला. तो पूर्वेलाच होता. तू दिलेला आकडा बरोबर होता.